बाई बेपत्ता आहे आणि गावाला सगळं ठाऊक आहे

जिल्ह्याच्या दैनिकात माझी बहुतेक नोकरी गुन्ह्यांच्या बातम्या करण्यात गेली. खून-दरोडे क्वचितच. रोजचा माल म्हणजे दुचाकीची चोरी, बांधावरून झालेली मारामारी, विहिरीत सापडलेलं प्रेत आणि ‘विवाहिता बेपत्ता’. ही शेवटची बातमी सहसा आतल्या पानावर चार ओळींत बसते. पण त्या चार ओळींवर गाव जेवढं बोलतं तेवढं खुनावरही बोलत नाही. खुनात आरोपी असतो, पंचनामा असतो, बोलण्याला कुठंतरी काठ असतो. बाई नुसतीच दिसेनाशी झाली की सगळं रान मोकळं.

निवृत्तीनंतर पत्रकारितेच्या मुलांना अधूनमधून शिकवायला जाते. तिथं माझ्या हाताखालून गेलेली प्रकरणं नावगाव घेऊन सांगत नाही. त्यातल्या कितीतरी बायका अजून त्याच गावांत नांदताहेत, त्यांची मुलं शाळेत जाताहेत. म्हणून मी अगाथा ख्रिस्तीचं प्रकरण घेते. १९२६ सालचं, इंग्लंडमधलं. त्यातलं कुणी आता हयात नाही, आणि आपल्या तालुक्यात जे घडतं ते बहुतेक सगळं त्यात आहे. खालचे मुद्दे त्या तासाला बोलता बोलता जमत गेले. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. गोष्टी आधीच तयार असतात, बाई त्यात बसवली जाते

आधी हकीकत. ३ डिसेंबर १९२६, शुक्रवार. लंडनजवळच्या सनिंगडेलमधल्या घरातून अगाथा ख्रिस्ती रात्री पावणेदहाच्या सुमाराला आपली मॉरिस मोटार घेऊन बाहेर पडल्या. वय छत्तीस. सात वर्षांची मुलगी रोझलिंड वर झोपलेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आई वारली होती आणि नवरा आर्ची नॅन्सी नील नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडला होता, त्याला घटस्फोट हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सापडली ती सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळच्या न्यूलँड्स कॉर्नर नावाच्या टेकाडाच्या उतारावर, खडूच्या खाणीच्या वरच्या अंगाला. आत फरचा कोट आणि गाडी चालवण्याचा परवाना. बाईंचा पत्ता नाही.

एवढ्या मालावर इंग्लंडनं चार गोष्टी रचल्या. नवऱ्यानं काटा काढला. जवळच्या सायलेंट पूल तळ्यात तिनं जीव दिला. आईच्या दुःखानं डोकं फिरलं. पुस्तकं खपावीत म्हणून नाटक केलं, कारण ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ त्याच वर्षी येऊन गाजत होतं. नवऱ्याला अद्दल घडवायला लपून बसली, ही याच चौथ्या गोष्टीची धाकटी बहीण.

आता कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर उभं राहा. सासरच्यांनी काहीतरी केलं. विहिरी बघा. बाहेरचं काहीतरी लागलं होतं. नाटकं आहेत सगळी. आपल्याकडं ‘कुणाबरोबर तरी गेली’ ही गोष्ट पहिल्या क्रमांकावर असते, एवढाच काय तो फरक. आणि ती सांगताना माणूस आवाज खाली आणतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की याला आतली माहिती आहे.

बहुतेक वेळा घडलेलं मात्र फार साधं असतं. भांडण होऊन बाई दूरच्या मावशीकडं गेलेली असते. देवाला गेलेली असते आणि फोनची बॅटरी संपलेली असते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ‘अनोळखी स्त्री’ म्हणून पडलेली असते, कारण रस्त्यात गाडीनं उडवलं आणि पर्स कुणीतरी उचलली. या तीन शक्यता चहाच्या गाड्यावर मी कधी ऐकल्या नाहीत. त्यात सांगण्यासारखं काही नसतं ना.

२. पहिला दिवस बोलण्यात जातो

‘चोवीस तास वाट बघा, मग या’ असं ठाण्यात सांगितल्याच्या तक्रारी मी नोकरीभर ऐकल्या. असा कुठलाही कायदा नाही. बाई हरवल्याचं लक्षात आलं की त्याच तासाला तक्रार देता येते आणि ती नोंदवून घ्यावी लागते. सज्ञान व्यक्ती असेल तर ‘मनुष्य मिसिंग’ म्हणून नोंद होते. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत थेट अपहरणाचा गुन्हा धरून तपास सुरू करायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे. हे दोन नियम तरी प्रत्येक घरात माहीत असावेत.

पण घरचे पहिल्याच दिवशी ठाण्यात जात नाहीत, त्याचं कारण पोलीस नसतात. कारण गाव असतं. ‘चार लोकांना कळायच्या आत परत आली तर बरं’ म्हणून ते थांबतात. दीर मोटारसायकलवरून नातेवाईक पालथे घालतो, सासू देवघरात बसते, माहेरी फोन करायचा की नाही यावर वाद होतो. लोक काय बोलतील याची भीती माणसाला पाय ओढून बसवते. त्या दरम्यान स्टँडवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं जातं, कंडक्टरची ड्यूटी बदलते, रिक्षावाला विसरतो. अफवा उठण्याच्या आधीच, नुसत्या तिच्या धाकानं, तपासाचे सगळ्यात मोलाचे तास गेलेले असतात.

३. रटाळ कागद आधी वाचावा

मिसिंगच्या नोंदीची भाषा वर्षानुवर्षं तीच आहे. ‘राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेली.’ पुढं वर्णन: उंची अमुक, बांधा मध्यम, रंग निमगोरा, नेसणीस हिरव्या रंगाची साडी, पायात चप्पल, मराठी बोलता येते. नव्या वार्ताहरांना हे वाचायला कंटाळा येतो. मला त्यातली चप्पल नेहमी महत्त्वाची वाटली. घरातली स्लीपर पायात असेल तर एक अर्थ, बाहेरची सँडल असेल तर दुसरा. सोबत काय नेलं? आधारकार्ड, रोजच्या गोळ्या, चार्जर, पोस्टाचं पासबुक, मुलाचा फोटो? सासूला विचारलं तर ती दागिन्यांचं सांगते. गोळ्यांचं धाकट्या जावेला माहीत असतं. तिला कुणी विचारत नाही.

अगाथा ख्रिस्तींच्या प्रकरणात तर उत्तर जवळजवळ टपालानं आलं होतं. जाताना त्यांनी सेक्रेटरी शार्लट फिशर हिच्यासाठी चिठ्ठी ठेवली, नवऱ्यासाठी ठेवली, आणि एक पत्र दिराला, कँपबेल ख्रिस्तीला पाठवलं. त्यावर शनिवारचा लंडनचा शिक्का होता. मजकूर असा की तब्येत सुधारायला यॉर्कशरमधल्या औषधी पाण्याच्या गावी जाते आहे. यॉर्कशरमध्ये अशी गावं काही शेकडो नव्हती, आणि त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे हॅरोगेट.

पण औषधी पाण्याला गेलेल्या बाईची गोष्ट कोण छापणार? सरे पोलिसांचे उपप्रमुख विल्यम केनवर्ड यांना खात्री होती की बाई मेल्या आहेत आणि त्या टेकड्यांमध्येच कुठंतरी सापडतील. शेजारच्या बर्कशरचे सुपरिंटेंडेंट गॉडर्ड म्हणत होते की जिवंत असतील. गंमत अशी की जिवंत म्हणणाऱ्यापेक्षा मेली म्हणणाऱ्याच्या मागं माणसं जास्त धावली. तळं ढवळून झालं, कुत्री आली, वरून विमानानं पाहणी झाली. १२ डिसेंबरच्या रविवारी तर हजारो लोक सहलीला यावं तसे टेकडीवर जमले आणि झुडपं झोडपत सुटले. किती हजार, ते त्या वेळच्या वर्तमानपत्रागणिक बदलतं. बाई तिथून तीनशे किलोमीटरहून दूर, हॅरोगेटच्या स्वान हायड्रोपॅथिक हॉटेलात होत्या. नाव सांगितलं होतं मिसेस टेरेसा नील, राहणार केप टाउन. आडनाव कुणाचं उचललं ते वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

त्याच नावानं त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहिरातही दिली होती, की दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या टेरेसा नील यांच्या नातेवाइकांनी व मित्रांनी संपर्क साधावा. मोठ्या शोधाच्या आदल्याच दिवशी ती छापून आली. बाकीच्या पेपरांत तिचा फोटो, ‘टाइम्स’मध्ये तिचीच जाहिरात. विद्यार्थ्यांना इथं हसू येतं. मी त्यांना हसू देते.

४. बाईचा धंदा तिच्यावरच उलटतो

अगाथा ख्रिस्ती रहस्यकथा लिहीत नसत्या तर ‘नाटक’ ही गोष्ट उभीच राहिली नसती. जी बाई कागदावर एवढी कारस्थानं रचते, ती खरं काही करूच शकत नाही असं लोकांनी ठरवून टाकलं. आई गेल्याचं दुःख, मोडलेला संसार, न लागणारी झोप, हे सगळं शेजारणीला होऊ शकतं. लेखिकेला झालं तर तो कथेचा कच्चा आराखडा.

आपल्याकडं हीच वागणूक तमाशात नाचणारीला मिळते, बारमध्ये काम करणारीला मिळते, आता रील करणाऱ्या पोरींनाही मिळते. अशी एक मुलगी बेपत्ता झाली तेव्हा तिच्या गावात मला ऐकायला मिळालं, ‘फॉलोअर वाढवायला केलं असेल.’ तिची आई ओट्यावर बसलेली होती, तिच्यासमोर. घरंदाज समजल्या जाणाऱ्या बाईबद्दल लोक आधी हळहळतात आणि मग संशय घेतात. या मुलींच्या वाट्याला हळहळ येतच नाही.

५. मोठ्या नावाचा अंदाजही अंदाजच

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल तेव्हा भुताखेतांच्या आणि परलोकविद्येच्या नादी लागले होते. त्यांनी अगाथाबाईंचा एक हातमोजा मिळवला आणि होरेस लीफ नावाच्या ‘सिद्ध’ माणसाकडं नेला. लीफनं सांगितलं की बाई जिवंत आहे, अर्धवट भानावर आहे, बुधवारी तिची खबर कळेल. मंगळवारी रात्री बाई सापडल्या, बुधवारच्या अंकांत बातमी आली. डॉयलना धन्य धन्य वाटलं. पण कुठल्या गावात, कुठल्या घरात, हे हातमोजा काही बोलला नव्हता. ज्या एका गोष्टीनं शोध लागला असता तेवढी सोडून बाकी सगळं भविष्यात होतं.

लेखिका डोरोथी सेअर्स जागा बघून आल्या. एडगर वॉलेसनं वर्तमानपत्रात आपला तर्क लिहिला, तो बराचसा बरोबरही निघाला: नवऱ्यावरच्या रागातून केलेलं कृत्य, बाई जिवंत. बरोबर निघालेला तर्कही शोधाच्या कामाचा नव्हता, हे मला चुकीच्या तर्कांपेक्षा जास्त बोधक वाटतं.

आपल्याकडं हातमोजा नसतो, नारळ असतो. देवऋषी सांगतो, ‘दक्षिणेला, पाण्याच्या कडेला, तीन दिवसांत.’ दक्षिणेला पाणी कुठं नसतं? आणि हल्ली देवऋषीच्या जागी टीव्हीवरचा निवृत्त अधिकारी येऊन बसतो. तो प्रकरणाचा कागदही न बघता ‘माझ्या अनुभवावरून सांगतो’ म्हणतो. माणूस सज्जन असतो, त्याचं मानधनही फारसं नसावं. पण त्याचं वाक्य खाली पट्टीवर धावायला लागलं की ठाण्यातला तपासी अंमलदारसुद्धा त्या दिशेनं बघायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हॅरोगेटला ओळख पटवली ती हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या दोन वादकांनी. त्यांचा तर्क काहीच नव्हता. रोज संध्याकाळी समोर दिसणारी बाई आणि पेपरातला फोटो त्यांनी ताडून बघितला आणि पोलिसांना जाऊन सांगितलं. ‘डेली न्यूज’नं शंभर पौंडांचं बक्षीस लावलेलं होतं तरी ते पेपरवाल्यांकडं गेले नाहीत.

६. वाईट नवरा हा पुरावा नव्हे

हा मुद्दा वर्गातल्या मुलींना आवडत नाही, आणि मला तो सोडता येत नाही. आर्ची ख्रिस्ती त्या रात्री मित्रांच्या घरी होता, तिथं नॅन्सी नीलही होती, आणि ते घर मोटार सापडली त्या जागेपासून काही मैलांवर होतं. संशयाला याहून अधिक काय हवं? पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. त्यानंही आपल्या तोंडानं आगीत तेल ओतलं. ‘डेली मेल’ला सांगून बसला की मनात आणलं तर आपण नाहीसं होऊ शकू, असं बायको पूर्वी म्हणाली होती. स्वतःवरचा संशय हटवायला त्यानं बायकोवर ‘नाटकी’ असा शिक्का मारून घेतला.

तो चांगला नवरा नव्हता. पण खुनीही नव्हता. या दोन वाक्यांमध्ये गर्दीला जागाच ठेवायची नसते. आपल्या भागात मी असं घर पाहिलं आहे की जिथं बाई सापडेपर्यंत सासरच्यांच्या दाराला लोकांनी दगड मारले होते. बाई सुखरूप निघाली. नवरा मारहाण करायचा हे तिनं जबाबात सांगितलंही. पण तोवर गाव दगडफेकीची लाज लपवण्यात गुंतलेलं, मारहाणीकडं बघायला कुणाला सवड नव्हती. खोट्या खुनाच्या आरोपाखाली खरी मारहाण दबून गेली.

७. विचारणं वेगळं, ठोकून देणं वेगळं

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग गप्पच बसावं. नाही.

नवी मुंबईत एप्रिल २०१६ मध्ये एक महिला सहायक पोलीस निरीक्षक बेपत्ता झाल्या. स्वतः पोलीस अधिकारी. तरी गुन्हा नोंदवला जायला २०१७ उजाडलं, आणि त्यांच्याच खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर. पनवेलच्या न्यायालयानं त्याला एप्रिल २०२५ मध्ये जन्मठेप दिली. मृतदेह कधीच मिळाला नाही. मधली सगळी वर्षं त्या बाईंचे नवरा आणि भाऊ दारोदार फिरत होते, उच्च न्यायालयापर्यंत गेले, पत्रकारांना कागद दाखवत राहिले. त्या काळात लोक गप्प बसले असते तर फायदा कुणाचा झाला असता हे सांगायला नको.

मी त्या प्रकरणाच्या बातम्या लांबून वाचत होते. नात्यातली माणसं काय विचारत होती? शेवटचा फोन कुठून लागला? त्या रात्री फोनचं लोकेशन काय दाखवत होतं? अमुक अधिकाऱ्याचा जबाब अजून का घेतला नाही? या सगळ्या वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे आणि प्रत्येकाचं उत्तर द्यायला कुणीतरी नेमलेला, पगारी माणूस आहे. ‘तिचे म्हणे संबंध होते’ या वाक्याला उत्तर देणारा कुणी नेमलेला नसतो. एक बोलणं ठाण्याच्या दिशेनं जातं, दुसरं त्या बाईच्या दिशेनं. मुलांना मी बातमी तपासायला एवढंच सांगते: वाक्य कुणाला कामाला लावतंय ते बघा.

घरच्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तपास हलत नसेल आणि कुणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. पोलिसांना न्यायालयासमोर उभं राहून काय केलं ते सांगावं लागतं. तालुक्याच्या वकिलांना हे माहीत असतं, पक्षकार विचारत नाहीत म्हणून ते सांगत नाहीत.

८. सापडल्यावर गर्दी वाढते

१४ डिसेंबरला आर्चीनं हॅरोगेटच्या हॉटेलात बायकोला ओळखलं. स्मृती गेली होती असं घरच्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर लोकांची आणि फोटोवाल्यांची झुंबड. बहिणीच्या घरी, मँचेस्टरजवळच्या अ‍ॅबनी हॉलला पोहोचल्यावर फाटकं लावून घ्यावी लागली. आणि देशाला आनंद झाला का? राग आला. एवढी माणसं राबली, एवढा खर्च झाला आणि बाई हॉटेलात निवांत! खर्चाचा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. मेलेल्या अगाथेसाठी रडायला तयार असलेले लोक जिवंत अगाथेकडं बिल मागत होते.

आपल्याकडं बिल मागत नाहीत, ‘कुठं होतीस?’ विचारतात. बाई ठाण्यात आली की आधी तिचा जबाब होतो. सज्ञान असेल आणि ‘मी माझ्या मर्जीनं गेले, मला घरी जायचं नाही’ म्हणाली, तर पोलिसांनी तिला जबरदस्तीनं कुणाच्या ताब्यात द्यायचं नसतं. केरळमधल्या एका प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ शब्दांत मान्य केलं. कागदोपत्री ‘मिळून आली’ आणि फाइल बंद. पण ठाण्याच्या आवारात, चिंचेखाली, दोन जीप भरून नातेवाईक उभे असतात. मागच्या दारानं बाईला नेणाऱ्या महिला पोलीस मी पाहिल्या आहेत. एकीनं तिला आपला रेनकोट घातला होता, पाऊस नसताना.

एका बाईनं मला नंतर, बऱ्याच नंतर, सांगितलं की ती दुसऱ्याच दिवशी परत यायला निघाली होती. भांडण तेवढंच होतं. स्टँडवर उतरली आणि तिथल्या माणसांच्या मोबाइलवर तिनं आपला फोटो पाहिला, खाली लिहिलेलं वाचलं, आणि पलीकडच्या फलाटावर लागलेल्या गाडीत जाऊन बसली. पुढं ती घरी यायला किती काळ लागला ते ती सांगत नाही, मीही विचारलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत या विषयावर यापेक्षा महत्त्वाचं मला कुणी सांगितलेलं नाही. ती गेली तेव्हा कुणी अडवलं नव्हतं. येताना अख्खा गाव दारात आडवा होता.

९. न सांगण्याचा अधिकार

अगाथा ख्रिस्ती त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं जगल्या. १९२८ मध्ये घटस्फोट झाला, १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी लग्न. १९२८ मध्ये ‘डेली मेल’ला त्या दिवसांबद्दल एकदा बोलल्या, मग तोंड मिटलं ते मिटलं. मृत्यूनंतर १९७७ मध्ये आत्मचरित्र आलं. जाडजूड पुस्तक आहे, लहानपणाच्या खेळांवर, घरातल्या नोकरमाणसांवर, खाण्यावर मनसोक्त लिहिलं आहे. ते अकरा दिवस त्यात नाहीत. लोक अजून चिडतात. पुस्तकं निघाली, १९७९ मध्ये व्हेनेसा रेडग्रेव्हला घेऊन सिनेमा निघाला. लेखिकेनं आपल्यापासून काहीतरी चोरलं असा सूर त्या चर्चेत नेहमी असतो. ते अकरा दिवस तिचे होते, आपले कधी होते?

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडूही नये. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजवाड्यानं जाहीर केलं की युवराज्ञी केट यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे, ईस्टरपर्यंत त्या लोकांसमोर येणार नाहीत. म्हणजे बाई हरवल्याच नव्हत्या, रजेचा अर्ज टाकून घरी होत्या. तरी जगभर ‘केट कुठं आहे?’ सुरू झालं. मार्चमध्ये मुलांसोबतचा एक फोटो आला, त्यात फेरफार केल्याचं दिसलं, वृत्तसंस्थांनी तो मागं घेतला. मग तर घटस्फोटापासून मृत्यूपर्यंत सगळं बोलून झालं. २२ मार्चला त्यांनी बाकावर बसून सांगितलं की कर्करोग निघाला आहे, उपचार चालू आहेत, आणि मुलांना त्यांच्या पद्धतीनं समजावून सांगायला वेळ हवा होता. फोटोवर शंका घेणं पत्रकारांचं कामच होतं, त्यांनी ते चोख केलं. त्या शंकेवर बाकीच्यांनी जो इमला चढवला त्याचा फोटोशी काही संबंध नव्हता.

१०. फोटो परत घ्यावा लागतो

बेपत्ता झाल्याचा संदेश चार तासांत पाच जिल्हे फिरतो, ‘मिळून आली’चा संदेश गल्लीतही पोहोचत नाही. पेपरातही तेच. बेपत्ताच्या चार ओळी छापायच्या, सापडल्याची एक ओळ जागेअभावी राहते. आमच्या दैनिकात मी यावरून भांडून ती ओळ छापायला लावत असे. संपादक म्हणायचे, ‘यात बातमी काय?’ शेवटी आम्ही तडजोड केली की नाव आणि फोटो न देता, नुसतं गाव आणि ‘सुखरूप’ एवढंच छापायचं. म्हणून घरच्यांना सांगते: फोटो टाकताना त्यावर तारीख घाला, ठाण्याचा नंबर घाला, कुणाचा खासगी नंबर घालू नका, आणि बाई मिळाली की ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथं जाऊन स्वतः काढा.

माझ्या ओळखीचे एक हवालदार आहेत, सेवानिवृत्त. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका मिसिंगच्या फोटोखाली त्यांचा मोबाइल नंबर गेला होता. मुलगी आठवडाभरातच मिळाली. फोटो अजून फिरतोय. कधी नांदेडहून फोन येतो, कधी बेळगावहून, आणि सांगणारा हटकून म्हणतो की त्यानं तिला आत्ताच कुणाबरोबर तरी बघितलं. हवालदार आता सगळ्यांना एकच सांगतात: ‘दादा, ती सापडली, तिचं लग्न झालं, दोन पोरं आहेत तिला. ठेवू का फोन? दूध तापायला ठेवलंय.’